दोन-दहाचा फोन

मांजलपूरहून फोन. मे महिना, दुपारचे दोन-दहा.
नलिनीबेन ठक्कर. आवाज तापल्या पत्र्यासारखा:
“शिर्केभाई, आ शुं?
गच्चीवर पाय ठेववत नाही इतकं ऊन,
तुमच्या बारा काचा नुसत्या चमकतायत,
आणि खाली माझा पंखा बंद!”

बारा काचा मीच बसवल्या होत्या, डिसेंबरात.
तोंड दक्षिणेला, बावीस अंशांचा उतार,
शेजारच्या टाकीची सावली चुकवायला
एक अख्खी रांग तीन फूट सरकवलेली.
अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा, मीठ, वरून दोन बादल्या पाणी;
तेव्हा बेननी विचारलं होतं, लोणचं घालताय की काय.
तेव्हाच सांगितलंही होतं,
लाईट गेली की हेही जाणार.
पण बिल शून्यावर येईल म्हटल्यावर
पुढचं वाक्य कुणाला ऐकू येतं?

स्कूटर काढली. गेलो.
इन्व्हर्टर भिंतीवर, लाल दिवा मिचकावत, गप्प.
“सूर्य माझ्या गच्चीवरचा,” बेन म्हणाल्या,
“मग त्याला मंडळाची परवानगी कशाला?”

प्रश्न रास्त आहे.
उत्तर कंपनीच्या पुस्तकात छापलंय,
पण माझं उत्तर घरी असतं, दांडिया बाजारच्या मागे,
तीन बोटांनी पेपर धरून बसलेलं.

बाबा लाईनमन होते.
लग्नसराईतली रात्र. लाईन बंद, असं कागदावर होतं,
सही, शिक्का, वेळ.
बाबा खांबावर.
चार गल्ल्या पलीकडे एका हॉलवाल्यानं
पंगत अंधारात बसू नये म्हणून जनरेटर सुरू केला
आणि मेनचा खटका पाडायला विसरला.
मेलेल्या तारेत मागल्या दारानं जीव आला,
बाबांच्या उजव्या हाताशी पोचला.
दोन बोटं.
हॉलवाला वाईट माणूस नव्हता.
दवाखान्यात भेटायला आला,
हातात त्याच लग्नातल्या लाडवांचा पुडा.

म्हणून, बेन, हा डबा गप्प बसतो.
बाहेरची तार गेली की हाही हात मागे घेतो,
कारण कोपऱ्यावर आत्ता कुणीतरी चढत असेल.

खिडकीतून पाहिलं तर खरंच चढत होता.
पोरगेला, कमरेला पट्टा, पाठीवर घामाचा नकाशा,
तारेत उत्तरायणापासून अडकलेला पतंग
कोपरानं बाजूला सारत.
बेन बघत राहिल्या.
नातवाला तांब्या देऊन खाली पिटाळलं.
मग पदरानं वारा घेत म्हणाल्या,
“बॅटरीचे किती?”

बॅटरी रविवारी बसवली.
शिडी धरायला येतो म्हणून बाबा मागे लागले;
शिडी कुणी धरली नाही, ते सरळ भिंतीशी गेले.
मी मेन पाडला.
आत कुठेतरी टक् झालं, जीभ टाळ्याला लागावी तेवढं,
आणि पंखा फिरतच राहिला.

“आधी काय करते ही?”
“आधी बाहेरची तार सोडते.
मग घर धरते.”
“सोडते नक्की?”
“हो.”
“परत कर.”

परत केलं. बाबांनी कान लावला,
दाराला लावतात तसा.
“परत.”
बेननी चहा आणून ठेवला, साय धरली,
ठक्करशेठ घड्याळाकडे बघून आत गेले.
“परत.”

पाचव्या वेळी मला बाजूला सारून
बाबांनी स्वतः खटका पाडला,
तीन बोटांनी, सावकाश.
टक्.

“सोडली,” म्हणाले,
आणि तो गार चहा उभ्यानंच पिऊन टाकला.