प्रश्न क्रमांक चौदा

आक्राच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात
पहाटे साडेपाचला गाठी फुटतात.
लोखंडी पट्टी तटकन तुटते
आणि दाबून बसवलेला कुणाचा तरी हिवाळा
फुगून वर येतो.
बायका तुटून पडतात. बोलत कुणीच नाही.
बोटंच बघतात : कॉलर, काख, चेन.

मी फॉर्म घेऊन उभी.
एकशे बारा प्रश्न, तीन भाषा,
गळ्यात दोरीनं बांधलेलं पेन.

सनातू ओझी वाहते. वय? "सतरा असेल."
गाठ डोक्यावर चढवायला दोघी लागतात,
पुढं मान एकटीची.

प्रश्न क्रमांक चौदा : तू या शहरात का आलीस?
चार चौकोन. गरिबी. लग्न. भांडण. इतर.

"भांडी घ्यायला," ती म्हणाली.
मी 'इतर'वर खूण केली.
दुसरी म्हणाली, "ती आली म्हणून."
इतर.
तिसरी म्हणाली, "मावशीचा माग बंद पडला,
गावातली पोरं आता मँचेस्टरच्या क्लबाचे शर्ट घालतात,
तुम्हीच सांगा, आम्ही कुणासाठी विणायचं?"
एवढं सगळं माझ्या चौकोनात मावेना.
इतर.

महिनाअखेर त्र्याऐंशी फॉर्म, एकसष्ट 'इतर'.
प्राध्यापक आग्बेन्यो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"'इतर'ची रांग इतकी लांबली ना,
की लोक चुकलेले नसतात. फॉर्म चुकलेला असतो."
मग चहा मागवला. त्यात साखर नव्हती.

नवा चौदा मी रात्री लिहिला, पंखा बंद असताना :
तुझ्या डोक्यावर आहे ते कुणाचं आहे?

सनातू हसली. "आद्वोआबाईचं."
आद्वोआबाई म्हणाल्या, "माझं कुठलं? पतपेढीचं.
गाठ न उघडता विकत घ्यावी लागते,
आत लग्नाचे कोट निघतील की फाटके मोजे,
ते देवालाही ठाऊक नसतं, व्याजाला मात्र असतं."
कंटेनरवाला म्हणाला, "मी नुसता मधला."
एका कोटाच्या खिशात मला
लीड्सच्या बसचं तिकीट सापडलं.
जिनं तो कोट दिला
तिनं तर दान केलं होतं,
घडी घालून, बटणं लावून.

मी ओळीत सगळ्यांना उभं करून पाहिलं.
एकही हरामखोर सापडला नाही.
आणि तरी संध्याकाळी सनातूची मान
डावीकडं कललेली असते
ती कललेलीच.

जे खपत नाही ते गटारानं समुद्राकडं जातं.
समुद्र ठेवून घेत नाही.
बाह्या, पाय, नाड्या एकात एक पिळून
माणसाच्या मांडीइतका जाड दोर
भरतीला वाळूवर आणून टाकतो.
मी तो ओढून पाहिला.
दुसरं टोक वाळूत होतं, खोल.

अहवालाला मंत्रालयातून फोन आला :
छान आहे, पण एका ओळीत सांगा, कारण काय?
मॅडम म्हणाल्या, "एका ओळीत नाही येत."
फोन ठेवला गेला. कुणी ठेवला ते ऐकू आलं नाही.

एक गोष्ट अहवालात नाही.
पहिल्याच आठवड्यात माझी पिशवी
मी सनातूकडं दिली होती उचलायला
आणि घासाघीस करून दोन सेडी कमी केले होते.
आत माझाच ब्लाउज होता. याच बाजारातला. निळा.
ती विसरली असेल. मी विचारलेलं नाही.

जाताना तिनं जुने फॉर्म मागितले,
चुकलेल्या चौदाचे.
"फेकणारच ना?"
मी गठ्ठा दिला.
तिनं एकेक कागद पिळला, गोल वळवला,
वर टी-शर्टची पट्टी गुंडाळली,
आणि ती चुंबळ डोक्यावर ठेवून
मान इकडंतिकडं हलवून पाहिली.

"चार दिवस टिकेल," म्हणाली,
आणि गाठीखाली वाकली.
दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.
पेन गळ्यातून काढून मी हात लावला.