परतीची वेळ

चुलीवरच्या दांडीला स्कीच्या पट्ट्या वाळत टांगल्यात,
त्यांच्या गोंदाचा वास कॉफीत उतरलाय.
मीठदाणी बाजूला सारून
सिगब्योर्नने टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर उकडलेल्या बटाट्यांची वाटी,
दुसऱ्यावर त्याची स्वतःची मूठ.

मी जात नाही.
विचारलं कुणी तर गुडघा म्हणते.
गुडघा दुखतोच,
पण कारण गुडघ्याच्या बरंच वर आहे.

इंग्विल्ड फोनवरून वाचून दाखवते:
धोका तीन. सहाशे मीटरच्या वर
वाऱ्याने ओढून आणलेला बर्फ, पूर्वेच्या अंगाला,
खालचा थर कच्चा.
पाचातले तीन.
एकोणीस वर्षांची आहे ती, परीक्षा ताज्या आहेत,
तिच्या तोंडी तीन म्हणजे पास.

तिला पूर्वेची घळ हवीये.
शिखरावरून थेट फ्योर्डपर्यंत, एका दमात,
खाली फेरीतले लोक माना वर करून बघतील अशी.
बाप कोनमापक ठेवतो.
चौतीस, ती म्हणते.
छत्तीस, तो म्हणतो.
नकाशावरच्या रेषा तिथे इतक्या दाटीने बसल्यात
की पेन्सिलचं टोकही मध्ये शिरत नाही,
आणि दोन अंशांसाठी
दोघांचीही कॉफी गार होते.

एवढ्यात आस्लाक येतो. बूट न काढता उंबऱ्यातच उभा.
काल रेनडिअर बघायला गेला होता वर, पठारावर.
सपाट जागा, म्हणतो, पोराबाळांनी खेळावं अशी,
आणि पायाखाली बर्फ म्हणाला, हुफ्.
म्हातारं माणूस खुर्चीत बसताना
सोडतं ना श्वास, तसा.
एवढंच सांगून तो एक बटाटा उचलतो,
नकाशाचा तो कोपरा सुरळी होऊन वर येतो.

मग कुणी काही बोलत नाही.
आमच्या घरात एक नियम आहे:
'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.
डोंगरात नाही, घरी आल्यावर नाही,
नाताळच्या जेवणावर थट्टेतसुद्धा नाही.
तो योरुननंतर आला.
सिगब्योर्नची बहीण. त्या दिवशी तिच्याकडे
सांगण्यासारखं कारण नव्हतं,
म्हणून ती गप्प राहिली.

रात्री पिशव्या भरल्या जातात.
फावडं, सळई, ट्रान्सीव्हरचे नवे सेल,
जुने सेल उगाच खिशात,
तपकिरी चीजचे पाव, दोन थर्मास,
आणि तो लोकरी हातमोजा, ज्याचा जोडीदार
तीन हिवाळे सापडलेला नाही.

सगळे झोपल्यावर इंग्विल्ड मोज्यांवर खाली येते.
आई, तू आली असतीस
तर कुठे म्हणाली असतीस, नको?
इथेच, मी म्हणते. दारात. बूट घालताना.
ती खुदकन हसते,
मग खोडरबर शोधते. खण उघडते, लावते,
दुसरा उघडते.
घळ पुसायला तिला बराच वेळ लागतो.
पश्चिमेची सोंड काढते त्याऐवजी,
बर्चच्या रानातून लांबचा वळसा,
उतार पंचवीस, कुणीही मान वर करणार नाही असा.

माझ्या वाट्याला येतो तो कागद.
फ्रिजवर, दीपगृहाच्या चुंबकाखाली, बापाच्या अक्षरात:
निघणं सहा चाळीस.
साडेबाराला मागे वळणं, असू तिथून.
फोन तीनला.
साडेतीनपर्यंत नाही, तर आस्लाकच्या बायकोला.
चौथी ओळ तो नेहमी
सगळ्यात बारीक अक्षरात लिहितो,
चष्म्याशिवाय मला वाचता येऊ नये इतक्या.

दिवा मालवण्याआधी मी चष्मा काढते
आणि पेन्सिलीने खाली लिहिते:
बटाटे, चौघांचे.
नकाशावर, पुसलेल्या जागी,
बोट फिरवलं तर
घळ अजून लागते हाताला.