दिवे लावले

तोर्रेसेकात माणसं एकशे ब्याण्णव,
खांब दोनशे अठरा.
हा हिशेब मी काढलेला नाही. वीज कंपनी पाठवते,
दर दोन महिन्यांनी, खिडकीच्या लिफाफ्यात,
आणि तो फोडायचं काम माझं.
पालिकेतली मी एकुलती एक कारकून.

वरच्या उतारावर नवी वसाहत आहे.
आहे म्हणजे, रस्ते आहेत,
पदपथ, गटारांची झाकणं,
आणि एकसष्ट खांब.
घरं तेवढी बांधायची राहिली.
बिल्डरचं दिवाळं निघालं, मग बँकेचं निघालं,
दिवे मात्र तिथंच राहिले.
लव्हेंडर रस्ता, रोजमेरी रस्ता,
रात्रभर लख्ख. खाली ससे.
फीत कापतानाचा तेव्हाच्या महापौरांचा फोटो
अजून माझ्या टेबलामागे टांगलाय.
काय दिवे लावले, असं म्हणावं, तर
खरंच लावले की हो त्यांनी.

गेल्या हिवाळ्यात शाळेचा बॉयलर बंद पडला.
सात मुलं कोट घालून गुणाकार करत होती.
दुरुस्तीचा आकडा आणि विजेचा आकडा
मी एकाखाली एक लिहिले,
आणि पेन्सिल ठेवून नुसती बसून राहिले.

सभेत बारवाला फाउस्तिनो उठला.
"हमरस्त्यावरून जाणाऱ्याला आपण दिसतो.
दिवे घालवलेत तर म्हणतील, गाव मेलं."
कुणी हसलं नाही.
रात्री सारागोसाहून परतताना, शेवटच्या वळणावर
तो झगमगाट पाहून प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलंय:
बघ, केवढं आहे आपलं गाव.
खोटं होतं, पण घराकडे नेणारं.

नीएवेस, रात्रपाळीची नर्स:
"चौकातला ठेवा. पहाटे चारला
गाडीपासून दारापर्यंत सत्तर पावलं.
किल्ली मुठीत धरून मोजलीत मी."
लिहून घेतलं. चौकातला राहील.

मग ओब्दुलिया, सत्याऐंशीची, काठी आपटत:
"माझ्या खिडकीसमोरचा आधी काढा.
अंजिराची त्या बाजूची फांदी
थंडी पडली तरी पानं सोडत नाही,
वर्ष संपल्याचं कळतच नाही तिला.
आणि मी तेवीस वर्षं डोळ्यांवर उशी घेऊन झोपते.
कुणी विचारलंत?"
कुणी विचारलं नव्हतं.
खांब क्रमांक सत्तावीस, मी लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवारी एउतिमियो वायरमननं
वसाहतीची पेटी उघडली. मी सहीपुरती सोबत.
भाषण नाही, फीत नाही,
गंजलेल्या बिजागरीचा आवाज, आणि खटका.

मला वाटलं होतं, तारे वगैरे दिसतील.
ढग होते.
सशांची धावपळ ऐकू आली, मग तीही थांबली.
स्वतःचा हात दिसेना. जरा भीतीच वाटली, खरं सांगते.
मग डोळे सरावले, आणि खाली
गावातल्या खिडक्या दिसायला लागल्या.
आजवर त्या रस्त्याच्या पिवळ्यात बुडालेल्या असायच्या.
ही बेकरीची. ही नीएवेसची, आज सुट्टी असणार.
ती पलीकडची, माझीच; घालवायची विसरले होते.
एकोणचाळीस भरल्या. मी दोनदा मोजल्या.

"एवढेच आहोत," एउतिमियो म्हणाला,
आणि सिगारेट पेटवली.
क्षणभर चाळीस झाल्या.

पुढचा लिफाफा मी फाडला नाही,
सुरीनं कडेकडेनं कापला.
बॉयलर दुरुस्त झाला. फाउस्तिनोनं
बारच्या दारावर स्वतःच्या खर्चानं एक बल्ब लावलाय,
दीडला बंद करतो. पैसे त्याचे आहेत ना.

सत्तावीस नंबर मात्र अजून जळतोय.
तो म्हणे भलत्याच फेजवर जोडलाय,
जोडणारा मरून गेला, नकाशा मिळत नाही.
एउतिमियो दोनदा चढला, दोनदा
अर्धा गाव काळोखात घालवून खाली उतरला.
ओब्दुलियाचा फोन रोज अकराला येतो.
नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न:
काय दिवे लावताय तिथं बसून?