शेऱ्याचा रकाना

तीन वेळा फोन लावला.
घंटी पूर्ण वाजली, उत्तर नाही –
हे मीच लिहिलंय, तारीख-वेळेसकट,
निळ्या शाईत, माझ्या चांगल्या अक्षरात,
'प्रकार : श्रवणबाधित' या ओळीच्या
बरोब्बर खाली.
कुणाला खटकलं नाही. मलाही.

मग दोन नोटिसा. एकीची पोच आली.
आता घरभेट, आणि तरीही नाहीच,
तर शेऱ्यात 'असहयोग',
पुढल्या महिन्यापासून पेन्शन बंद.
हा ऑफिसातला शब्द.
घरी आम्ही असहकार म्हणायचो.
आबा तो उच्चारताना आरामखुर्चीत
थोडे पुढे सरकून बसायचे.

जानेवारी. बाड्यावर अकरा वाजले तरी धुकं.
टेम्पोतून उतरून गोठीत शिरले,
गजक कुटणाऱ्याला विचारलं, लघाटे?
कौन, पीकोवाली?
त्याने लाकडी हातोड्यानेच घर दाखवलं.

दार आतून बंद.
कडी वाजवली. पुन्हा वाजवली.
मग तळहाताने, मग छत्रीच्या मुठीने,
आणि आत शिलाई मशीन चालूच –
लांब टीप, थांबणं,
छोटी टीप, वळण, पुन्हा लांब.
माझंही काम टिपेचंच.
पायरीवर बसले, फाइल मांडीवर घेतली :
'हितग्राही घरात, दार उघडत नाही.'
पुढचा 'अ' काढून झाला होता.

समोरच्या घरातून एक पोरगा आला,
पोळीची सुरळी तोंडात तशीच,
माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत
खिडकीच्या गजातून लोंबणारी
एक परकराची नाडी त्याने ओढली.
आत कुठे तरी एखादी चिंधी हलली असणार.
मशीन थांबलं.

इंदुमती लघाटे, वय एकसष्ट.
ओठांत दोन टाचण्या.
माझ्या नोटिसा तिच्या खणात होत्या,
पाठकोऱ्या बाजूला ब्लाउजांची मापं :
छाती चौतीस, बाही साडेनऊ, उधार.

तपासणीला का आला नाहीत?
मी सावकाश, मोठ्याने विचारलं.
मोठ्याने कशाला, कुणास ठाऊक.
तिने टाचण्या काढून ठेवल्या,
काळं अस्तर पसरलं
आणि बेतायच्या खडूने लिहिलं :
मागच्या वेळी डॉक्टरने
पाठीमागे ट्रे आपटला.
फरशी हलली. पायाला कळलं. मी वळले.
त्यांनी लिहिलं, ऐकू येत असावं.
येणार नाही.

'नाही'खाली दोन रेघा.
मग हाताने सगळं झटकून टाकलं,
अस्तर पुन्हा अस्तर.

म्हणजे आता खरोखरचा होता.
आबांवाला.
पुरावाही डोळ्यांदेखत झालेला,
आणि रकाना दीड इंचाचा,
त्यात 'अ' आधीच बसलेला.

मी निघाले तर तिने खांद्याला धरून
मला पाठमोरी केलं.
बाही उसवली होती, मला पत्ता नव्हता.
मागे ती काय करतेय दिसत नव्हतं,
फक्त सुई जवळ आल्याचं मानेला कळत होतं.
हलले नाही.
दहा रुपये, दोन्ही पंजे उघडून सांगितले.
दिले. पावती मागितली नाही.

तीन महिन्यांची मुदतवाढ लिहिली.
त्याहून जास्त माझ्या हातात नाही.
एप्रिलमध्ये पुन्हा ट्रे, पुन्हा फरशी,
पुन्हा कोणी तरी पायरीवर बसेल.
म्हणून शेऱ्यातला 'अ' खोडला
आणि घाईत मराठीतच लिहून गेले :
पुढच्याने आधी नाडी बघावी. ती ओढावी.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
ये नाडी... पल्स?
नॉर्मल है?

चालू है, म्हटलं.
त्यांनी सही केली.