सुई की आकडा

उद्यमबागच्या भट्टीवर एकतीस वर्षं
मी लोखंडाचा रंग बघून ताप सांगत होतो.
जांभळट, मग कुंकवाचा, मग पिकल्या संत्र्याचा,
आणि शेवटी जे पांढरं, त्याच्याकडं बघायचं नाही,
फक्त "ओता" म्हणायचं.
त्याची कमाई म्हणजे दोन डोळ्यांत दोन मोतीबिंदू,
आणि कुठलंही मीटर दिसलं की थोडा राग.

तरी ऑटोनगरात, बसलिंगाच्या काउंटरवर
मीच उभा, जावयाच्या गाडीसाठी.
पिशवीत तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन,
चोर्ल्याच्या चढात गेलेला:
कडेनं असा ओघळलेला, जसा गूळ
काहिलीच्या काठाला चिकटून राहतो.
अल्युमिनियमच ते. सहाशे साठला पाणी.
रवळू म्हणाला होता,
"पाण्याचा काटा मधीच होता की ओ मामा,
मला काय म्हाईत?"
खरंच होतं. पाण्याचा काटा
झालेलं सांगतो, होणारं नाही.

बसलिंगानं तीन डबे उघडले.
पहिल्यात हिरवे आकडे, एक ठरेना,
सहाशे एकतीस, चौतीस, एकोणतीस.
वळणावर हे कोण वाचत बसणार?
दुसरा फॅरनहाइटचा, बाराशे म्हणजे आपले किती
ते गिअर टाकता टाकता मोजायचं.
"बेडा," मीच म्हणालो.
तिसरा साधा. काळी तबकडी, पांढरी सुई,
माझ्याही डोळ्यांना दिसेल एवढी.
"ह्याला लाल पट्टा नाही," बसलिंग ओशाळला,
"म्हणून पडून हाय."
मला तेच पसंत पडलं.
लाल कुठनं सुरू होतं
हे चोर्ला न बघितलेल्या माणसानं
कशाला ठरवायचं?

दस्तगीर मिस्त्रीशी मात्र वाजलं.
तो म्हणे, प्रोब टर्बोच्या मागं लावू,
तुटला तरी पंख्यात जायला नको.
म्हटलं, मागं शंभर-दीडशे कमीच दिसणार,
आग सोडून राखेला विचारल्यासारखं.
शेवटी मॅनिफोल्ड उतरवला, ड्रिलला ग्रीस फासलं,
एकेक कीस लोहचुंबकानं वेचला.
तो म्हणाला साडेछेसौ,
फोनवर बसलिंग, आरनूर ऐवत्तु,
मी साडेसहाशे.
सातूच्या नेलपॉलिशनं काचेवर रेघ ओढली.
हात हलला. वाकडीच आली.

पहिल्या खेपेला शेजारी बसलो.
गोव्याहून परत, बारा टन पत्रा,
केरी मागं पडली तसा चढ लागला.
चारशे. पाचशे.
तिसऱ्या वळणाला सहाशे वीस,
पुढं बस, आणि रवळूच्या कपाळावर शीर.
मी बोललो नाही. रेघ होती ना तिथं.
त्यानं पाय काढला, गिअर एक खाली घेतला.
इंजिन ओरडलं, सुई उतरली.
बस निघून गेली.

चोर्ल्याला चहासाठी थांबलो,
त्याचा हात किल्लीकडं गेला.
"राहू दे. दीडशेवर येऊ दे."
मग दोघं तसेच कॅबिनमध्ये,
इंजिन फुरफुरत,
सुई खाली यायची वाट बघत.
लग्नाला चार वर्षं झाली,
असे दोघंच कधी बसलो नव्हतो.

तीनशेला तो म्हणाला,
"त्या दिवशी वास येऊलालता मला. जळका."
अडीचशेला म्हणाला,
"सातूशी फोनवर भांडलो होतो.
पाय काढायचा नव्हता मला."
मी काचेवरची रेघ नखानं खरवडून बघितली.
निघत नव्हती.
"डोळे दाखवून घ्या मामा," तो म्हणाला,
"मी नेतो. मंगळवारी गाडी उभीच आहे."

पोरगं दोन ग्लास घेऊन दाराशी थांबलेलं.
चहावर साय धरली होती.
दीडशे कधीच होऊन गेले होते.