एकोणतीस तास

द्रोणागिरीला आमची शेड बारा महिने सोळा अंशांवर.
बाहेर मे, आत स्वेटर.
मी आणि नमिता बाटल्यांच्या पाठीवर चिकट्या लावतो:
आयातदाराचं नाव, पत्ता, कमाल किंमत,
खाली आरोग्याची ती ओळ.
मूळ लेबल झाकायचं नाही असा नियम,
म्हणून ते वाचायची सवय लागली.

रिओहा. आधी मी रिओजा म्हणायचे.
डाबरेंनी सुधारलं.
डाबरे सर्व्हेअर, वसईचे. माल बिघडला की येतात,
माणूस गेल्यावर डॉक्टर यावा तसे.
त्यांनीच सांगितलं: तिथे उत्तरेला डोंगर आहे,
तो समुद्राचा गारठा अडवतो. सगळा नाही.
थोडा रात्री खिंडीतून उतरतो
आणि द्राक्षाला पिकायची घाई करू देत नाही.
माती चुनखडीची, कंजूष.
मग दीड वर्ष ओकच्या पिंपात.
पिंप आतून विस्तवावर भाजलेलं,
लाकूड अमेरिकेचं, म्हणून वाइनला नारळाचा वास.
"नारळ? तिकडे?"
"तिकडे कुठला नारळ. तो लाकडाचा."
आणि फळ्यांतून वाइन थोडी थोडी उडून जाते,
हवा थोडी थोडी आत येते.
चोरी म्हणत नाही त्याला कोणी.

माझा बापूस करंज्याकडे मिठागरावर होता.
चिमूट जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा,
हे उघाडीजवळच्या कोंडीचं,
हे बांधाकडचं, त्या आठवड्यात वारा फिरला होता.
कसं कळतं, मी विचारायचे.
"इचारतंस कनाला? चाख नं."
त्या कोंड्यांवर आता कंटेनर, पाच थर.
मला नोकरी त्याच दाखल्यावर.

खोक्यात एक डबी असते, लॉगर.
ती उघडेपर्यंत आम्ही अकराशेंना चिकट्या लावल्याही होत्या.
आलेख बिलबाओपासून सरळ आला होता,
तेरा, तेरा, चौदा, सुएझलासुद्धा चौदा,
आणि न्हावा शेवाच्या यार्डात सुळका.
कोणीतरी प्लग काढला. लावायचा राहिला.
एकोणतीस तास.

डाबरेंनी एक बाटली उचलली.
बूच जरासं वर सरकलेलं, कडेनं लाल ओघळ.
हुंगली, घोट गालात फिरवला, बादलीत थुंकला.
"शिजली. मुरांबा."
आणि फॉर्म आणायला गाडीकडे गेले.
ग्लासात दोन बोटं उरली होती.
नमिता दाराकडे तोंड करून उभी राहिली,
न सांगता.

आधी आंबट.
मग काहीतरी काळं, करवंद फांदीवरच सुकावं तसं.
हिरड्या आवळल्या.
आणि खूप उशिरा, मी ग्लास खाली ठेवल्यावर,
नारळ.
ओला नव्हे. वाटपासाठी भाजतो तो, कडा करपलेला.

चांगली कशी लागते मला माहीत नाही.
मी ही एकच प्यायलेय:
डोंगर, चुनखडी, दीड वर्षाचं लाकूड
आणि सव्वा दिवस आमच्याकडचं ऊन.
अहवालात त्या शेवटच्याला नुकसान म्हटलंय.
बापूस असता तर जीभ टाळूला लावून म्हणाला असता,
हे यार्डातलं. वरच्या थरातलं.

गुरुवारी उत्पादन शुल्कवाल्यांसमोर सगळा माल ओतला.
दुपारभर गटगट, दुसरा आवाज नाही.
टँकरवाल्याने नाकाला रुमाल बांधला होता,
मग सोडला.
काच भंगारात गेली, आमच्या पत्त्यासकट.

रात्री आमटी अळणी झाली.
वरून मीठ घेतलं, पिशवीतलं, आयोडीनवालं.
आधी चिमूट जिभेवर ठेवली.
कुठल्या कोंडीचं, काही कळेना.