पाचव्या दिवसाचं पाणी

मल्लेशम बिंगीनं कुठूनशी
गोल पानाची ताडी आणली,
बारमाही पावसाच्या रानातली.
पंखा म्हणावा, तर वारा घालत नाही.

अक्कलकोट रोडच्या शेडमागे
डालड्याच्या डब्यात ती उभी.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
पहिली कळशी तिची.
लच्चव्वा बोलत काही नाही,
भांडी तेवढी आपटते.

मे महिन्यात भिजवलेली
डागी चादर तिच्याभोवती बांधली,
कडा करपल्या तरी.
पानावर बसलेली सुताची पिंज
म्हातारा धोतराच्या सोग्यानं टिपतो.

आज कोंब उलगडला.
निऱ्याच निऱ्या,
एकही सुटलेली नाही.
तो बोटानं मोजायला लागला,
चुकला, पुन्हा पहिल्यापासून...

आत माग थांबलेला.
लाइट तर होती.
लच्चव्वा बघायला आली,
हातात तांब्या.